काढून ठेवलेली अक्षरं

दोष सरांचा. हे आधीच सांगून टाकतो, कारण त्यांच्या घरात तो माझ्या नावावर लावलाय, आणि मला तोंड नाही म्हणून तसाच खपून गेलाय. मी त्यांच्या घरातला कॉम्प्युटर बोलतोय. म्हणजे टेबलाखालचा काळा डबा. टेबलावरचा पडदा म्हणजे कॉम्प्युटर आणि खालचा डबा म्हणजे त्याचं काहीतरी सटरफटर सामान, असा सरांचा समज आहे, आणि तो दुरुस्त करायची घरात कुणाची छाती नाही.

माझ्या जन्माबद्दल फार सांगण्यासारखं नाही. कारखान्यात पट्ट्यावरून सरकत आलो. एकाने डिस्क बसवली, दुसऱ्याने पंखा, तिसऱ्याने घाईत एक स्क्रू वाकडा पिळला. तिथून मी कॉम्प्युटरच्या एका क्लासमध्ये गेलो. तिथली पोरं धीट होती. चुकली तर हसायची आणि परत करायची. बिघडवून शिकायची. त्यातल्याच एका टवाळ पोरीने माझ्या पडद्यावरच्या कचऱ्याच्या टोपलीचं, म्हणजे रिसायकल बिनचं, नाव बदलून ‘माळा’ केलं. आमच्या घरात नकोसं झालेलं सगळं माळ्यावरच जातं, म्हणाली. वर्ग हसला. नाव तसंच राहिलं.

क्लासचे संचालक मोठे प्रतिष्ठित गृहस्थ होते. भाषणं छान करायचे. एके दिवशी अर्ध्या अभ्यासक्रमातच कुलूप लावून नाहीसे झाले. पोरांचं शिक्षण अर्धवट राहिलं, माझंही. पोरांना मात्र घरी ऐकावं लागलं, की तुम्हालाच चिकाटी नाही. तेव्हापासून कुणी कुणाला ‘अर्धवट शिकलेला’ म्हणून हिणवलं की माझा पंखा जोरात फिरायला लागतो.

मग मी सरांच्या घरी आलो.

सर म्हणजे निवृत्त भाषाशिक्षक. त्यांना गल्लीत सर म्हणतात, दुकानात सर म्हणतात, आणि बायकोसुद्धा टोमणा मारायचा असला की ‘अहो सर’ म्हणते. त्यांचं हस्ताक्षर खरंच सुंदर. शाळेत फळ्यावरचा त्यांचा सुविचार पुसायला शिपाई बिचकायचा. अशा माणसाने मला घरी आणलं तेव्हा मला वाटलं, बरं झालं, शिकवणारा माणूस आहे, शिकणाराही असेल. इथेच माझं चुकलं. शिकवणारी माणसं शिकत नाहीत. त्यांना विचारायची सवयच नसते, कारण आयुष्यभर त्यांनीच विचारलेलं असतं.

पहिल्या दिवशी त्यांनी मला टेबलाखाली अगदी भिंतीला टेकवून ठेवलं आणि वरून भरतकाम केलेलं एक जाड कापड पांघरलं. धूळ बसू नये म्हणून. माझी गरम हवा मागच्या जाळीतून बाहेर पडते. तीच जाळी भिंतीला चिकटली. उन्हाळ्यात मी धापा टाकायला लागलो की सर म्हणायचे, हल्लीच्या वस्तूंत दमच नाही. तुम्हाला कुणी कोपऱ्यात दाबून डोक्यावर गोधडी टाकली तर तुम्ही किती दम धराल? तेव्हा घरात कॉम्प्युटर असेल तर त्याच्या पाठीमागे वीतभर जागा सोडा, आणि चालू असताना त्याला काहीही पांघरू नका. अधूनमधून बंद करून, वायर काढून, जाळीवरची धूळ कोरड्या ब्रशने झाडा. माझ्या पिढीतले निम्मे आजार एवढ्यावर बरे होतात.

बंद करण्याचं तर विचारूच नका. सर पडद्याचं बटण दाबत आणि निर्धास्त होऊन उठत. मी खाली रात्रंदिवस चालूच. कधी आठवण झाली तर थेट भिंतीवरचा खटका खाली. माणूस बोलत असताना मध्येच त्याचं तोंड दाबावं तसं. दुसऱ्या दिवशी मी उठलो की आधी सगळं तपासत बसायचो, कुठे काय तुटलंय. त्याला ते म्हणत, हा फार हळू आहे. अहो, आधी शट डाउन वर टिचकी मारा, मला माझं आवरू द्या, मग खटका बंद करा. आणि काही अडलंच तर मला एकदा बंद करून परत चालू करा. ऐकायला हे बावळटासारखं वाटतं, पण दहातली सात दुखणी त्यानेच जातात. सरांना ही युक्ती कमीपणाची वाटायची. माउस टेबलावर आपटणं मात्र कमीपणाचं वाटायचं नाही.

आणखी काय काय सांगू. पत्राचा मथळा मधोमध आणायला ते स्पेसचं बटण बोट दुखेपर्यंत दाबत. त्यासाठी वर एक बटण आहे, एका टिचकीत होतं. अक्षर बारीक दिसतं म्हणून नाक पडद्याला लावून वाचत. कंट्रोल धरून अधिकचं चिन्ह दाबलं की अक्षर मोठं होतं. चुकून परिच्छेद उडाला की कपाळाला हात लावून सगळा पुन्हा टाइप करत. कंट्रोल आणि झेड दाबलं की उडालेलं परत येतं, निदान मी चालू आहे तोवर तरी. फाइलींना नावं ठेवत ‘नवीन’, ‘नवीन दोन’, ‘शेवटचे’, ‘खरे शेवटचे’. मग हवी ती सापडत नाही म्हणून घरभर चिडचिड. मुलांना पत्रलेखन शिकवताना विषय आणि दिनांक लिहायचा असं यांनीच घोकून घेतलं होतं. तेच फाइलीच्या नावात लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं?

पासवर्ड म्हणजे स्वतःचं नाव आणि पुढे एक, दोन, तीन. तेही चिठ्ठीवर सुवाच्य लिहून पडद्याच्या कडेला चिकटवलेलं. एकदा कुणाचा तरी फोन आला, की तुमच्या कॉम्प्युटरमध्ये विषाणू शिरलाय, आम्ही कंपनीतून बोलतोय, सांगतो ते दाबा. सर आज्ञाधारक विद्यार्थ्यासारखे दाबत गेले. छोटीने धावत येऊन नेटची वायर उपटली म्हणून वाचलो. कुठलीही कंपनी असा आपणहून फोन करत नाही, बाबा, असं ती म्हणाली तर सर म्हणाले, माणूस बोलायला फार सभ्य होता.

छोटी म्हणजे सरांची मुलगी. मोठी झाली तरी नाव छोटीच राहिलं. तिने कॉलेज मध्येच सोडलं होतं. हिशेबाचं शिक्षण होतं ते, तिला त्यात रस नव्हता. सरांनी तिच्याशी बोलणं टाकलं नाही, त्याहून वाईट केलं. ते तिच्याबद्दल तिच्यासमोरच पाहुण्यांशी बोलत. “आमचे विद्यार्थी कुठल्या कुठे पोचले. घरचं मात्र दाराशीच अडलं.” पाहुणे कपातल्या चहाकडे बघत. छोटी उठून माझ्यासमोर येऊन बसायची.

त्या घरात मला वापरायचं कसं हे फक्त तिला कळत होतं. ती अक्षरं काढायची. म्हणजे छापायची अक्षरं, फॉन्ट. तिने अ पासून सुरुवात केली आणि स्वर झाले, व्यंजनं झाली. एकेका अक्षराच्या कडेला बारीक ठिपके असतात, ते ओढून-ताणून रेष नेमकी करायची. ळ चं पोट तिने किती वेळा फुगवलं आणि किती वेळा आत घेतलं याची गणती नाही. मग आली जोडाक्षरं, आणि तिथे खरं काम सुरू झालं. आपल्या भाषेत र चे नखरे केवढे. कुणाच्या डोक्यावर बसेल, कुणाच्या पायाशी वळेल, कुठे नुसती पापणी मिटल्यासारखा राहील. द्ध, ह्म, क्ष्म, ष्ट्र. एकेकाला दिवस दिवस जायचा. प्रत्येक अक्षर झालं की ती कंट्रोल आणि एस दाबायची, न चुकता. त्या दोन बटणांवरची छापील अक्षरं तिच्या बोटांनी पुसून गेली होती.

सर म्हणायचे, अक्षरं काय नव्याने काढायची असतात? ती आहेत की.

पण सगळं सांगायचं तर हेही सांगतो. एकदा पाणी प्यायला जाताना ते तिच्या मागे थांबले. पडद्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “ष्ट्र चा पाय लंगडतोय.” आणि गेले. छोटीने अक्षर मोठं करून बघितलं. खरंच लंगडत होता. तिने तो सरळ केला, आणि त्या दिवशी ती काम करताना गुणगुणत होती. इतकंच तिला पुरायचं. हे सरांना कळलं असतं तर पुढचं बरंच टळलं असतं.

लहान मुलांची पुस्तकं छापणाऱ्या एका प्रकाशकबाईंनी तिचे नमुने बघितले. पहिल्यांदा वाचायला शिकणाऱ्या मुलांसाठी त्यांना नवा, मोकळा फॉन्ट हवा होता. आठवडाभर आमच्याकडे येऊन काम करून दाखव, त्यांनी कळवलं, आणि महिनाअखेरीपर्यंत जोडाक्षरांसकट पूर्ण फॉन्ट दे. जमलं तर पुस्तकं त्यातच छापू आणि तुला कामावर घेऊ. छोटी सगळ्या घरात नाचली नाही. तिने फक्त आईला सांगितलं आणि आईने तिच्या पाठीवर हात ठेवला. सरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, बघू, आधी होऊ दे. मोठ्या माणसांचं ‘बघू’ म्हणजे काय असतं ते घरोघरी माहीत आहे.

जाण्याच्या सकाळपर्यंत ती जोडाक्षरांवर हात फिरवत होती. निघताना सगळं स्वतःला मेल करणार होती, तर नेट बंद. गाडीची वेळ झाली. परत आल्यावर पाठवीन म्हणून ती छापलेले कागद घेऊन गेली. इथे मी तिलाही सोडत नाही. अख्खी वर्णमाला एका मेलमध्ये मावली असती. अंगठ्याएवढ्या पेनड्राइव्हमध्ये तर शंभर वेळा मावली असती, आणि तो ड्रॉवरमध्ये पडूनच होता. जे काम परत करता येणार नाही ते एकाच जागी ठेवू नये. एक प्रत माझ्यात, एक माझ्याबाहेर, आणि जमलं तर तिसरी घराबाहेर. काम संपल्यावर ठेवीन असं म्हणू नका. काम कधी संपतं? तिच्या मेलमध्ये फार जुनी एक प्रत होती, नुसते स्वर आणि व्यंजनं. जोडाक्षरं सगळी एकट्या माझ्या पोटात.

आता मामा. सरांचे मेहुणे, छोटीचे मामा. हे दुसऱ्या गावी राहतात आणि रोज सकाळी सरांच्या फोनवर कॉम्प्युटरच्या युक्त्या पाठवतात. ‘मशीन जलद करण्याचे दहा उपाय.’ ‘हे केले नाही तर पस्तावाल.’ स्वतः त्यातला एकही करून बघत नाहीत. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. सरांना मेहुण्याकडून काही शिकणं जड जायचं, पण मेहुण्याला जमतं आणि आपल्याला नाही, हे त्याहून जड.

छोटी गेल्यावर मामांचा फोन आला. सरांनी मी हळू चालतो अशी माझी तक्रार केली. मामा म्हणाले, “भावजी, सोपं आहे. आपण त्याची सफाई करू. मी सांगतो, तुम्ही दाबा.” उद्या करू असं ठरलं. संध्याकाळी छोटीचा फोन आला तेव्हा सरांनी सहज सांगितलं, की उद्या मशीन साफ करून घेतोय. ती तिकडे छापखान्याच्या गडबडीत होती, मागे यंत्रांचा आवाज येत होता.

“बाबा, थांबा. आधी माझी अक्षरं काढून ठेवा.”

“काढून ठेवतो.”

“नक्की ना?”

“अगं, काढून ठेवतो म्हटलं ना.”

दोघं एकच शब्द बोलले. काढणं हा आपल्या भाषेतला मोठा बेभरवशाचा शब्द आहे. चित्र काढतात, फोटो काढतात, काटा काढतात, खोडी काढतात, आणि माणसाला कामावरूनही काढतात. छोटीच्या मनात होतं, की एक प्रत वेगळी करून पेनड्राइव्हमध्ये ठेवा. सरांच्या मनात आलं ते घरातल्या माणसाच्या मनात येईल ते. रंगकाम निघालं की आपण भिंतीवरची चित्रं उतरवतो आणि माळ्यावर ठेवतो. झालं की परत लावतो.

आणि माझ्या पडद्यावर ‘माळा’ होता.

सर त्या टोपलीत कायमच सामान ठेवत आले होते. जुनी निरोपाची भाषणं, लग्नांच्या पत्रिका, पेन्शनची पत्रं. आत्ता नको आहे पण टाकायचं नाही, ते सगळं माळ्यावर. आजवर कुणी रिकामा केला नाही म्हणून सगळं शाबूत होतं. छोटीला ते नाव माहीत होतं, तिला गंमत वाटायची. सर त्यात खरोखर सामान ठेवतात, हे तिच्या गावीही नव्हतं. सरांनी तिचं फोल्डर माउसने धरलं, अलगद, काचेचं भांडं न्यावं तसं, आणि माळ्यावर सोडलं. काढून ठेवलं. त्यांच्या परीने नीट ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मामा फोनवर. हे उघडा, ते दाबा. पडद्यावर सफाईची चौकट आली. तिच्यात एकाखाली एक रिकामे चौकोन आणि पुढे इंग्रजी नावं. सरांनी विचारलं, कुठल्याला खूण करू? मामा म्हणाले, “सगळ्यांना करा हो, तो सगळा कचराच असतो.” सरांनी वरपासून खालपर्यंत बरोबरच्या खुणा केल्या. जन्मभर तेच केलं होतं. फरक इतकाच, की मुलांच्या वहीत खूण करण्याआधी ते वाचत. त्यात एक ओळ रिसायकल बिनची होती. रिसायकल बिन म्हणजेच आपला माळा, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनी कुणाला विचारलं नव्हतं.

मी विचारलं. आमच्या जातीला ओरडता येत नाही, पण विचारता येतं. कायमचं पुसायचं आहे, खात्री आहे का, असं मी पडद्यावर लिहिलं. माझं हे वाक्य कुणी वाचत नाही. दारावरच्या विक्रेत्याला घालवावं तसे लोक ‘हो’ दाबून मोकळे होतात. सरांनीही दाबलं. मामा म्हणाले, बघा आता कसा पळतो.

दोन दिवस मी खरंच जरा हलका चाललो. सर खूश होते. माळ्यावर काय राहिलंय ते त्यांनी उघडून बघितलंसुद्धा नाही.

मग छोटीचा फोन आला. प्रकाशकबाईंना जोडाक्षरं आत्ताच बघायची आहेत, नेट आलं असेल तर बाबा, ते फोल्डर मला मेल करा. सरांनी माळा उघडला. माळा रिकामा होता. मी त्यांचा चेहरा बघत होतो. वर्गात पहिल्यांदाच उत्तर न आलेल्या मुलाचा असतो तसा झाला.

आता नीट ऐका, कारण घरोघरी सगळ्यात उपयोगाची गोष्ट हीच आहे. माझ्यातून पुसलेलं लगेच नाहीसं होत नाही. मी फक्त ती जागा रिकामी आहे असं मानतो. नवीन काही येऊन त्या जागी बसेपर्यंत जुनं तिथेच असतं. त्या क्षणी मला नीट बंद केलं असतं, हात लावला नसता आणि जाणत्या माणसाला बोलावलं असतं, तर अक्षरं बहुतेक परत मिळाली असती. त्यासाठी फक्त फोनवर म्हणायचं होतं, की छोटे, माझ्याकडून चुकलं.

सर म्हणाले, “आज नेट नाही गं. उद्या पाठवतो.”

नेट होतं. आणि फोन ठेवल्यावर त्याच नेटवरून त्यांनी मामांना विचारून पुसलेलं परत आणणारा एक प्रोग्राम उतरवून घेतला. तो चालला नाही म्हणून दुसरा. दुसरा कसा वापरायचा ते दाखवणारे व्हिडिओ. त्याने आणखी काहीबाही मागितलं, तेही उतरवलं. प्रत्येक वस्तू माझ्या डिस्कवर येऊन बसायला जागा शोधत होती, आणि मी तिला रिकामी दिसेल ती जागा देत होतो. मला दुसरं काही करता येत नाही. बुडणाऱ्याला शोधायला विहिरीत दगड टाकत बसावं, तसं चाललं होतं. छोटीने परत फोन केला तेव्हाही नेट नव्हतं. त्यानंतरही नव्हतं. बायकोने विचारलं, अहो सर, एवढं काय करताय? ते म्हणाले, पोरीचंच काम करतोय.

शेवटी छोटी काम टाकून घरी आली. पिशवी न उतरवता माझ्यासमोर बसली.

“बाबा, अक्षरं कुठे आहेत?”

“काढून ठेवली होती. तू म्हणालीस तशीच.”

“कुठे?”

“माळ्यावर.”

मग तिने सरांनी बसवलेले प्रोग्राम एकेक करून बघितले, तारखा बघितल्या आणि विचारलं, “तुम्हाला मी फोन केला त्या दिवशीच कळलं होतं?” सर खिडकीकडे बघत म्हणाले, “मशीनच खराब आहे. त्या क्लासमधलं जुनं. मी तेव्हाच म्हणत होतो.” नाचता येईना आणि अंगण वाकडं. अंगण मी.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती म्हणाली, “एकदा चुकलं म्हणा. त्याला काही बटण लागत नाही.”

सर आतल्या खोलीत गेले.

छोटीने बाहेरून आणलेल्या पेनड्राइव्हवरून माझी डिस्क धुंडाळली, योग्य पद्धतीने, माझ्यात काहीही नवीन न ठेवता. नावं सापडली. ष्ट्र सापडलं, क्ष्म सापडलं, ह्म सापडलं. तिने एकेक उघडलं. आत अक्षरं नव्हती. सरांच्या व्हिडिओंचे तुकडे होते, अर्धवट प्रोग्राम होते, कसलाच अर्थ नसलेली चिन्हं होती. ती शेवटच्या नावापर्यंत गेली. एकही सोडलं नाही.

महिनाअखेर जवळ आली होती. तिने स्वर, व्यंजनं आणि छापलेले कागद घेऊन प्रकाशकबाईंना गाठलं. बाई वाईट नव्हत्या. पण मुलांच्या पुस्तकात ‘गोष्ट’ हा शब्दच छापता येत नसेल तर फॉन्ट काय करायचा? त्यांनी काम दुसऱ्या कुणाला दिलं. छोटीला पानं लावायच्या कामावर घेतलं. दुसऱ्याच्या अक्षरांत दुसऱ्यांची पानं. तिने ते घेतलं आणि त्याच गावात खोली बघितली. जाताना आईला मिठी मारली. सर अंगणापर्यंत आले आणि म्हणाले, जपून जा. बोलण्यासारखं दुसरं एक वाक्य त्यांच्यापाशी होतं, ते त्यांनी तेव्हाही काढलं नाही.

ती गेल्यावर काही दिवसांनी, घरात कुणी नसताना, सर माझ्यासमोर बसले. चित्रं काढायचं पान उघडलं आणि माउसने ष्ट्र काढायला लागले. ज्यांच्या अक्षराला शिपाई बिचकायचा, त्यांची रेष पाण्यात पडलेल्या दोऱ्यासारखी जात होती. पुसून परत काढलं. परत पुसलं. पाय लंगडतच राहिला. ते त्याच्याकडे बघत बसले, जसे एकदा तिच्या खांद्यावरून बघत होते. मग त्यांनी पान बंद केलं. ठेवायचं आहे का, असं मी विचारलं. त्यांनी ‘नाही’ दाबलं. या वेळी मात्र वाचून दाबलं.

मला त्यांची दया आली का? थोडी आली. पण दया आली म्हणून मी हिशेब बदलत नाही. म्हातारं होणं हा गुन्हा नाही, न येणं हाही नाही. येत नसताना येतं असं दाखवणं आणि चुकल्यावर गप्प बसणं, हा आहे. तुमच्या घरातही असे कुणी सर असतील, किंवा तुम्हीच असाल. दाबण्याआधी वाचा. न कळलं तर घरातल्या सगळ्यात लहान माणसाला विचारा, आणि त्याने सांगताना त्याच्या मार्कांचा विषय काढू नका. दुसऱ्याचं काम हलवायचं असेल तर कुठून उचलू आणि कुठे ठेवू, हे त्याच्याच तोंडून, जागेच्या नावासकट वदवून घ्या. आणि काही उडालं तर हात मागे घ्या, मला नीट बंद करा, आणि ज्याचं उडालं त्याला त्याच मिनिटाला सांगा. रागावेल. रागावू द्या. राग निवळतो.

मी अजून टेबलाखालीच आहे, पाठ भिंतीला लावून. मामांच्या युक्त्या अजून येतात. सर आता मला चालू करत नाहीत. आल्यागेल्याला सांगतात, की मशीन बिघडलंय. मी बिघडलेलो नाही. बटण दाबलं तर आत्ता उठेन.

माझं यात काय गेलं ते सांगतो आणि थांबतो. या घरात मला वापरता येणारं एकच माणूस होतं. ते आता या घरात राहत नाही.